ओढ्याला तारीख कळत नाही

मृगाच्या सरी सुरू झाल्या की शनिवार-रविवारी पुण्यातून पश्चिमेकडे जाणारे रस्ते गाड्यांनी तुंबतात. कुणाला पवनेच्या काठावर बसायचे असते, कुणाला ताम्हिणीत चिंब व्हायचे असते आणि निम्म्या गावाला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून उतरणाऱ्या पाण्यात बसून कणीस खायचे असते. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने बांधलेल्या या धरणाची आजची ओळख एवढीच उरली आहे. याच धरणाच्या मागच्या धबधब्यातून 30 जून 2024 च्या रविवारी हडपसरच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक महिला आणि चार मुले. पाठोपाठ जिल्हा प्रशासनाने भुशी, पवना, ताम्हिणी अशा अनेक ठिकाणी जुलैअखेरपर्यंत मनाई आदेश काढले. आदेशामागची काळजी खरी होती, पण माप चुकले. बंदी तारखेला लागते आणि तारखेला उठते. घाटातला ओढा मात्र वर डोंगरात किती पाऊस पडतो आहे त्यावर चढतो, आणि तो चढायला अर्धा-पाऊण तास पुरतो. म्हणून बंदी पाणलोटातल्या पावसावर बेतायला हवी, त्या त्या दिवशी आणि त्या त्या तासाला.

सह्याद्रीची ठेवण पाहिली की हे पटते. काळ्या कातळावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र, ओढे आखूड. पडलेले पाणी मुरायला जागाच नाही, ते सरळ खाली येते. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर कदाचित नुसती भुरभुर असते आणि मागच्या डोंगरावर ढग ओतत असतो. भुशीच्या दुर्घटनेचे जे चित्रीकरण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले, त्यात एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी माणसे दिसतात आणि दोन्ही अंगांनी फेसाळते पाणी. काही वेळापूर्वी तिथे भिजता येईल एवढेच पाणी असणार, नाहीतर मुलांना घेऊन तिथवर कोण गेले असते? घाटातल्या गावकऱ्याला अशा वेळी दोन खुणा कळतात. नितळ पाणी एकाएकी चहासारखे गढूळ होते आणि त्यातून काटक्या-पाचोळा येऊ लागतो. मग तो मागे वळून न पाहता वर चढतो. पुण्याहून आलेल्याला तो पाचोळा सुंदर वाटतो, हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. त्याची पावसाची कल्पना शहरातली असते. 25 जुलै 2024 ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत शिवाजीनगरला 114 मिलिमीटर पाऊस झाला आणि निम्मे शहर हबकले. त्याच चोवीस तासांत ताम्हिणीत 556 मिलिमीटर कोसळला. पुण्याला वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर मिळतो, हे लक्षात घेतले की दोन ठिकाणांच्या पावसातला फरक कळतो.

आता तारखेचा हिशेब पाहा. आदेशाची मुदत 31 जुलैला संपली. 4 ऑगस्टच्या रविवारी घाटात पुन्हा धुवाधार पाऊस झाला आणि खडकवासल्यातून मोठा विसर्ग सोडावा लागला. उलट जुलैत उघडिपीचे दिवसही असतात आणि त्या दिवशी भजी-कणसाची गाडी लावणाऱ्याचा धंदा विनाकारण बसतो. गंमत अशी की तासावर चालणारी इशारापद्धत पुण्याला नवी नाही. खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक पाणी सुटणार हे आधी जाहीर होते, नदीकाठी भोंगे फिरतात, भिडे पुलावर बॅरिकेड लागते. ‘मुठा आठवडाभर बंद’ असे कुणी म्हणत नाही. घाटातला पाऊस मोजला जातोच, तो आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापण्याऐवजी त्याच वेळी धबधब्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचवायचा आहे.

ओढे शेकडो आहेत, प्रत्येकावर पहारा कसा ठेवणार, असे विचारले जाईल. पण गर्दी शेकडो ठिकाणी नसते. भुशी, भाजे, लोहगडाचा पायथा, ताम्हिणीतल्या मोजक्या जागा, अशी यादी एका कागदावर मावते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोक ऐकत नाहीत. खरे आहे, फलकाचे ऐकत नाहीत. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले, तेव्हाही पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. त्यातून एवढेच सिद्ध होते की पत्र्याचा फलक पहारा देत नाही. ‘वर पाऊस वाढलाय, पाच मिनिटांत बाहेर या’ असे शिट्टी मारून सांगणारा गावातला माणूस उभा असला की गोष्ट वेगळी होते. त्याला पगार कोण देणार? येणारे पर्यटकच. कास पठारावर दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आणि प्रवेशशुल्क आहे, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्या पाहतात. सिंहगडावर जाणारा पुणेकर गाडीमागे उपद्रव शुल्क भरतोच, थोडे कुरकुरत का होईना.

सरसकट बंदीची बाजू घेणारे म्हणतात की तिला खर्च येत नाही आणि ती निदान काही जीव तरी वाचवते. काही वाचत असतील, नाकारण्यात अर्थ नाही. पण मुख्य रस्त्यावर पोलिस उभे राहिले की हौशी मंडळी नकाशात शोधून मागच्या पायवाटेने दुसऱ्याच ओढ्यावर जातात. तिथे दोर नसतो, मोबाइलला रेंज नसते, वाहून गेलेल्याला शोधायलाही कुणी लवकर पोचत नाही. शिवाय बंदीचा आदेश काढला की प्रशासनाची जबाबदारी कागदावर संपते आणि दुर्घटनेनंतर ‘आदेश होताच’ म्हणता येते. भुशीच्या मागच्या डोंगरावर एक स्वयंचलित पर्जन्यमापक, धबधब्यापाशी एक भोंगा आणि लोणावळ्यातले चार प्रशिक्षित तरुण यांचा खर्च काढायला बसलो तर तो बंदोबस्ताच्या एका हंगामापेक्षा जास्त निघेल असे वाटत नाही. निदान तो आकडा काढून तरी पाहावा, येत्या मृगाच्या आधी.