कालव्याखालचे कालवे

धरणाचा इतिहास सहसा उद्घाटनाच्या दिवसापासून लिहिला जातो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील सॉल्ट नदीच्या खोऱ्याबाबतही असेच घडले. १८ मार्च १९११ रोजी माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते २८० फूट उंचीच्या दगडी धरणाचे उद्घाटन झाले, आणि वाळवंटावरील मानवी विजयाची कथा तेथूनच सुरू होते, असे मानण्याचा प्रघात पडला. वस्तुतः त्या भूमीत पाटपाण्याची विद्या त्यापूर्वी हजार वर्षांहूनही अधिक काळ नांदत होती.

वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडणाऱ्या या खोऱ्यात होहोकम लोकांनी लाकडी आणि दगडी अवजारांनी शेकडो मैल लांबीचे कालवे खोदले. ना लोखंड, ना बैल. तरीही त्यांनी जमिनीचा उतार इतका अचूक साधला होता की, १८६७ साली जॅक स्विलिंग याने येथे कालव्यांची कंपनी काढली तेव्हा त्याला जुन्या पाटांच्या खुणांचाच आधार घेता आला. इ. स. १४५० च्या सुमारास ती वस्ती विस्कटली होती. तिच्या अवशेषांवर नवे नगर उभे राहिले, म्हणून राखेतून उठणाऱ्या पुराणातील पक्ष्याचे नाव त्याला मिळाले : फीनिक्स.

परंतु खोरे निर्मनुष्य झाले नव्हते. दक्षिणेस हीला नदीकाठी होहोकमांचा वारसा सांगणारे पिमा लोक पाटाच्या पाण्यावर शेती करीत होते. सोन्याच्या शोधात १८४९ साली कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या प्रवाशांना त्यांनीच गहू पुरवला. पुढे १८७० नंतर वरच्या अंगाला वसाहतवाल्यांनी नदीचे पाणी वळवण्यास आरंभ केला आणि शतक संपण्यापूर्वीच धान्य विकणाऱ्या या समाजावर उपासमारीची पाळी आली. जो प्रथम पाणी वापरील त्याचा हक्क प्रथम, हाच तेथील कायद्याचा दंडक होता, ही यातील खरी विसंगती होय. त्या न्यायाने पिमांच्या आधी कोणाचाही क्रम लागत नव्हता.

अशा स्थितीत धरणे आली. १९०२ च्या भूसुधार कायद्याने सरकारी पैसा उपलब्ध झाला. १९०३ साली सॉल्ट खोऱ्यातील जमीनमालकांनी संघ स्थापून आपल्या जमिनी तारण ठेवल्या आणि रूझवेल्ट धरण उभे राहिले. सहकाराचे ते एक चांगले उदाहरण होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण सहकार जमीनमालकांचा होता. ज्यांची नदी आटली त्यांना त्यात स्थान नव्हते. पिमांच्या नावाने हीलावर बांधलेले कूलिज धरण १९३० साली समारंभपूर्वक खुले झाले. ते मात्र क्वचितच भरले. १९३५ च्या न्यायालयीन हुकुमाने पिमांचा अनादि काळापासूनचा हक्क कागदावर मान्य केला. कागदाने शेत भिजत नाही.

दरम्यान कोलोरॅडो नदीच्या पाण्याची वाटणी १९२२ च्या करारात झाली. ती पावसाच्या सुकाळातील वर्षांच्या मोजमापावर आधारलेली होती, आणि मूळ रहिवाशांना त्या बैठकीत जागा नव्हती. त्या नदीचे पाणी ३३६ मैलांच्या कालव्याने फीनिक्स आणि टूसॉनपर्यंत आणण्याचे काम १९९३ साली पुरे झाले. अखेर २००४ च्या कायद्याने हीला नदीकाठच्या या समाजाला वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट पाणी ठरवून देण्यात आले. न्याय मिळाला, पण तो शतकभर उशिरा. आणि त्यातील मोठा वाटा ज्या कोलोरॅडोतून यावयाचा, तिच्यावरच २०२२ पासून टंचाईची पहिली अधिकृत कपात लागू झाली.

या इतिहासाचा बोध धरणे बांधू नयेत असा नाही. रूझवेल्ट धरणावाचून त्या खोऱ्यातील शेती तगली नसती. बोध एवढाच की, धरण पाणी साठवते, निर्माण करीत नाही. आणि साठवलेल्या पाण्याची वाटणी भिंत बांधणारा अभियंता करीत नसून, निर्णयाच्या वेळी दालनात कोण बसले होते यावर ती ठरते. भिंतीची उंची वाढवता येते. १९९६ साली रूझवेल्ट धरणाची उंची ३५७ फुटांवर नेण्यात आलीच. नदीतील पाणी मात्र तेवढेच राहते. म्हणून कोणत्याही धरणाचा हिशेब मांडताना भिजलेल्या एकरांबरोबर कोरड्या पडलेल्या पाटांचीही मोजणी झाली पाहिजे. उद्घाटनाच्या शिलालेखात ती मोजणी कधीच नसते.