आच्छादनाखालची ओल

पुण्याच्या पेठांत दुकान आणि मुळशी तालुक्यात विसाव्याचे घर, अशी व्यवस्था असलेली व्यापारी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. पिरंगुटपासून पौड ओलांडून थेट ताम्हिणीच्या वाटेपर्यंत अशी घरे विखुरलेली आहेत. त्यांपैकी कित्येक घरांच्या कोठीत किंवा पडवीलगतच्या खोलीत एक जुनी मोटारसायकल उभी असते. शहरातील इमारतीत तिला जागा नसते आणि विकण्यास मन धजत नाही, कारण घरातील वडीलधारे तिच्यावरूनच गावोगावी वसुलीला जात असत. ज्येष्ठ सरत आला की घरचा कर्ता पुरुष येऊन तिच्यावर जाड ताडपत्री घालतो, सुतळीने चाकांपर्यंत घट्ट आवळतो आणि निश्चिंत मनाने परततो. पुढे चातुर्मास लागतो. प्रवचने, पर्युषण, घरातील तपश्चर्या यांमुळे कुटुंब शहर सोडत नाही आणि मुळशीचे घर दिवाळीपर्यंत बंद राहते.

दिवाळीत ताडपत्री सुटते तेव्हा हँडलच्या क्रोमला पुटकुळ्या आलेल्या असतात, चाकांच्या तारांवर तांबडा गंज चढलेला असतो, बैठकीवर बुरशीचे पांढरे पुंजके दिसतात. छप्पर गळलेले नसते. खिडकीतून पाण्याचा थेंबही आत आलेला नसतो. तरीही नुकसान झालेले असते, आणि त्याचे खापर बहुधा ‘मुळशीच्या पावसावर’ फुटते.

मुळशीचा पाऊस साधा नाही हे खरेच. पुणे शहरात वर्षभरात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी परिसराने एका दिवसात, २४ तासांत, ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाहिला. परंतु खोलीत उभ्या असलेल्या वाहनाचा शत्रू हा पडणारा पाऊस नव्हे. त्याचा शत्रू हवेत विरघळलेले, डोळ्यांना न दिसणारे पाणी. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी १९२० ते १९४० या काळात लोखंडाच्या गंजण्याचा बारकाईने अभ्यास केला. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांपर्यंत असेल तोवर लोखंड फार सावकाश गंजते. ती मर्यादा ओलांडली की गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो, आणि धातूवर धूळ वा क्षार असतील तर अधिकच वाढतो, हे त्यांनी दाखविले. मुळशीत आषाढ-श्रावणात ही मर्यादा दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे ओलांडलेली असते.

त्यात धातूचा स्वभाव असा की रात्री गार झालेले इंजिन सकाळी लवकर तापत नाही. खोलीतील दमट हवा तापू लागते, ती त्या गार धातूला टेकते आणि गार पाण्याने भरलेल्या तांब्यावर बाहेरून जसे थेंब जमतात तसे थेंब इंजिनावर, तारांवर, टाकीच्या पोटाखाली जमतात. झाकण नसेल तर वाऱ्याच्या झुळकीने ते सुकतातही. ताडपत्री आवळलेली असेल तर त्यांना बाहेर पडण्यास वाट उरत नाही. शिवाय जमिनीतून चढणारी ओलही त्याच तंबूत कोंडली जाते. ताडपत्री पाणी बाहेर ठेवते हे तिचे काम. पण खोलीत पाणी बाहेर नसतेच, आणि जी ओल आत आहे तिला ती तितक्याच इमानाने आत ठेवते. उघड्यावरील वाहनाचे आच्छादन आणि घरातील वाहनाचे आच्छादन या दोन निराळ्या वस्तू आहेत, एवढी गोष्ट ध्यानात न आल्यामुळे दरवर्षी चांगली वाहने वाया जातात.

आश्चर्य याचे की हे ज्ञान व्यापाऱ्याच्या घरात पिढ्यानपिढ्या नांदत आले आहे. धान्याची थप्पी लावताना तो पोती कधी थेट फरशीवर टेकवीत नाही; खाली लाकडी फळ्या घालतो. थप्पी भिंतीपासून हातभर सुटी ठेवतो. तागाचे बारदान हवा खेळू देते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेला ओलसर माल आतून तापून कुबट होतो, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नसते. मुळशीचा शेतकरीही आपला आंबेमोहर ज्या कणगीत भरतो ती बांबूची असते, शेणामातीने सारवलेली असते आणि दगडांवर उचलून ठेवलेली असते. गुदामातील हरभऱ्याला जी समज लाभते ती वडिलांच्या मोटारसायकलीला लाभू नये, हे काही बरे नव्हे.

तीच समज येथे लावली तर व्यवस्था सोपी होते. प्लॅस्टिकची जागा गाडीखाली आहे, गाडीवर नाही. शहाबादी फरशी असो वा कोबा, पावसाळ्यात जमिनीतून ओल चढतेच. म्हणून प्रथम जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरावे, त्यावर लाकडी फळ्या टाकाव्यात आणि त्यांवर गाडी मेन स्टँडवर उभी करावी. ज्या भिंतीवर पावसाची झड येते, ती या भागात बहुधा पश्चिमेची वा नैर्ऋत्येची, तिच्यापासून गाडी दूर ठेवावी. खोलीला समोरासमोर दोन झरोके असतील तर ते बुजवू नयेत. त्यांना बारीक जाळी लावावी.

वर घालावयाचे कापड सुती, धुतलेले आणि कडक उन्हात वाळविलेले असावे. मांजरपाट उत्तम. घरातील जुनी जाड चादरही चालते, मात्र तिला खळ वा सुगंधी द्रव्य लावलेले नसावे. कापड खालपर्यंत बांधू नये. चाकांचा खालचा भाग मोकळा राहिला की हवा खालून शिरते आणि वरून निघून जाते. कापडवाल्याच्या ध्यानात येथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे: सूत स्वतःच ओल धरते, मग चार महिने ओलसर कापड धातूला चिकटून राहिले तर? म्हणूनच दोन खोळी शिवून घ्याव्यात. दर पंधरा दिवसांनी राखणदाराने एक काढून दुसरी घालावी व काढलेली चुलीच्या उबेत नीट वाळवून ठेवावी. हँडल आणि आरसे यांवर वेताची हलकी टोपली किंवा दोन आडव्या काठ्या ठेवून कापड किंचित उचलून धरले तर ते धातूला टेकतही नाही. बाजारात घरातील वापरासाठी म्हणून मिळणारी, हवा जाऊ देणारी तयार आच्छादनेही आहेत. ती घेण्यास हरकत नाही. विकत घेताना ‘पूर्ण वॉटरप्रूफ’ हे शब्द दिसले की ती वस्तू अंगणातल्या गाडीसाठी आहे असे समजावे.

झाकण्यापूर्वी गाडी धुवावी, कारण चिकटलेली धूळ हवेतील पाणी ओढून घेते. धुतल्यावर एक फेरी मारून ती पूर्ण वाळू द्यावी आणि इंजिन थंड झाल्यावरच कापड घालावे. उघड्या लोखंडी भागांवर व साखळीवर तेलाचा पातळ हात फिरवावा. ब्रेकच्या भागांना मात्र तेलाचा थेंबही लागता कामा नये. त्यात जिवाचा धोका आहे.

या साऱ्या खटाटोपाचे मोल ज्यांना जुनी वाहने ठाऊक आहेत त्यांना सांगावे लागत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील येझदीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. त्या काळच्या गाडीची मूळ टाकी एकदा आतून सडली की तशीच दुसरी मिळविणे दुरापास्त. १९७२ साली हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनियरिंगने बाजारात आणलेली लूना कित्येक दुकानांची पहिली स्वयंचलित गाडी होती. अशा गाड्यांची किंमत भंगारवाला वजनावर करतो. घरातील माणसे तशी करीत नाहीत.

पेट्रोलचा प्रश्न अधिक गंभीर आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील पाणी शोषते. महिनोन्‌महिने पडून राहिलेले असे इंधन टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही बिघडविते. टाकी काठोकाठ भरून ठेवावी म्हणजे आत गंज धरत नाही, असे सांगणारे जाणकार आहेत, आणि स्वतंत्र शेडमधील गाडीपुरते ते ठीक आहे. राहत्या घराच्या खोलीत भरलेली टाकी ठेवणे मात्र शहाणपणाचे नाही. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि पलीकडच्या खोलीतील समई किंवा गॅसची शेगडी तिला पुरते. घराच्या आत ठेवावयाची गाडी असेल तर मेकॅनिककडून टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून घ्यावेत, टाकी उघड्यावर पूर्ण वाळू द्यावी आणि आतून तेल फिरवून घ्यावे. काढलेले पेट्रोल बाटल्यांत भरून फडताळात ठेवण्याचा मोह टाळावा. किराणा व्यापाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे: ज्या कोठीत चहा, मसाले वा पीठ साठविले जाते तेथे गाडी मुळीच ठेवू नये. चहा वास किती लवकर धरतो हे त्यांना सांगणे नको.

राखणदाराला बहुतेक घरांतून एक सूचना हमखास दिली जाते: ‘दर शनिवारी दोन मिनिटे गाडी चालू करत जा.’ हेतू चांगला, परिणाम वाईट. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा जवळजवळ तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापले तर ती वाफ बाहेर निघून जाते; दोन मिनिटांत ते तापत नाही, आणि पाणी सायलेन्सरमध्ये व इंजिनाच्या तेलात साचत राहते. दर शनिवारी गाडीला आतून ओले करण्याचाच हा नेम ठरतो. त्याहून भयंकर म्हणजे पाऊस आहे म्हणून दार लावून खोलीतच इंजिन चालू करणे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो माणसाला काही मिनिटांत बेशुद्ध करतो. राखणदार हा कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप असतो. त्याला ही सूचना देऊच नये. खोळ बदलण्याचे काम द्यावे.

पावसाळ्यात कोरडी जागा शोधणारे केवळ माणूस नसते. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, हवेच्या फिल्टरच्या पेटीत उंदीर कापूस-चिंध्या नेऊन संसार थाटतो, बैठकीखाली पाल अंडी घालते आणि कापडाच्या घडीत कधी सापही विसावतो. विषारी गोळ्या आणि चिकटपट्ट्या या घरांतून वापरल्या जात नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. जीव आत शिरण्यापूर्वीच वाट बंद करणे हा सोपा उपाय. सायलेन्सरच्या आणि हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवावी व तिला हँडलपर्यंत येईल अशी तांबडी फीत बांधावी, म्हणजे ती काढण्याचे विसरणार नाही. ज्या घरांत पडिलेहण हा शब्द लहान मुलांच्याही ओळखीचा आहे, तेथे खोळ बदलताना ती आधी काठीने हलवावी, उजेडात उलगडून पाहावी, मग काढावी, हे वेगळे सांगावे लागू नये. तसेच दिवाळीत पहिली किक मारण्यापूर्वी फिल्टरची पेटी उघडून पाहावी. तेथे पिल्ले असतील तर गाडी आणखी दोन आठवडे उभी राहिल्याने कोणाचे काही अडत नाही.

बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी सोडवावे आणि बॅटरी शहरातील घरी नेऊन महिन्यातून एकदा चार्ज करावी. टायरांत हवा पूर्ण भरावी.

विम्याचे मात्र अनेक हिशेबी माणसांनाही भान राहत नाही. गाडी चालवायचीच नाही, मग हप्ता कशाला, असा विचार करून पॉलिसी संपू दिली जाते. परंतु सर्वसमावेशक पॉलिसीत आग आणि चोरी यांचे संरक्षण उभ्या गाडीलाही असते, आणि चार महिने बंद असलेल्या घरात याच दोन गोष्टींची भीती अधिक. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर साठलेला नो क्लेम बोनसही जातो. पॉलिसीची तारीख खोळीच्या आतल्या बाजूस नव्हे, दुकानातील रोजमेळाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

कार्तिकात गाडी बाहेर काढताना घाई करू नये. चार महिने न हललेले ब्रेक अडकलेले असू शकतात आणि ताम्हिणीच्या बाजूचे रस्ते उताराचे आहेत. गाडी चालवीत मेकॅनिककडे नेण्याऐवजी पौड किंवा पिरंगुटहून मेकॅनिकलाच घरी बोलवावे. ताजे पेट्रोल भरून, ब्रेक, टायर आणि तारा तपासून, पीयूसीची मुदत पाहून मगच ती रस्त्यावर आणावी. वडील बरोबर असतील तर पहिली फेरी सपाट रस्त्यावर, त्यांना मागे बसवून, सावकाश.