मतदानानंतरची जबाबदारी : शिरूर-दौंडमधील रहिवाशांचा आवाज

डिसेंबर २०२५ मध्ये शिरूर आणि दौंड येथील मतदारांनी नऊ वर्षांनंतर आपापली नगरपरिषद निवडली. याआधीची निवडणूक डिसेंबर २०१६ मध्ये झाली होती. पाच वर्षांची मुदत संपल्यावर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतील फेरबदल आणि न्यायालयीन प्रकरणे यांमुळे राज्यभरातील निवडणुका लांबत गेल्या व नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढण्याचा आदेश दिला, तेव्हा हा खोळंबा संपण्याची चिन्हे दिसू लागली. २१ डिसेंबरला निकाल जाहीर झाले, गुलाल उधळला गेला आणि फलक उतरले. आता पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक गल्लीतील रहिवाशाने स्वतःला विचारला पाहिजे.

प्रशासकांच्या काळात नगरसेवक नव्हते. पाणी, गटार, दिवे यांची तक्रार कोणाकडे न्यावी, हे सामान्य माणसाला कळेनासे झाले होते. या अनुभवाने एक गोष्ट स्पष्ट केली. आपला आवाज केवळ एका लोकप्रतिनिधीच्या दारावर अवलंबून असेल, तर ते दार बंद होताच आपण मुके होतो.

कायद्याची मांडणीही शहरवासीयांच्या बाबतीत अपुरी आहे. खेड्यातील मतदाराला ग्रामसभा आहे. तेथे तो उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. शहरांसाठी ७४व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, प्रभाग समित्यांची तरतूद केली. परंतु ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक आहे. शिरूर आणि दौंड या मर्यादेच्या बरेच खाली आहेत. महाराष्ट्र विधिमंडळाने २००९ मध्ये शहरांसाठी ‘क्षेत्रसभे’ची तरतूद केली खरी, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. परिणामी तालुक्याच्या गावाची स्थिती मोठी चमत्कारिक झाली आहे. ते ग्रामसभेच्या दृष्टीने मोठे आणि प्रभाग समितीच्या दृष्टीने लहान ठरते.

म्हणून जे कायद्याने आपोआप मिळत नाही, ते रहिवाशांना संघटित होऊन मिळवावे लागेल. याची उदाहरणे आपल्या जिल्ह्यातच आहेत. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून नागरिकांकडून त्यांच्या प्रभागातील कामांच्या सूचना मागवण्यास आरंभ केला. पदपथ, दिवे, बसथांबे अशी लहान कामे रहिवाशांनी सुचवावीत, अशी ही पद्धत आहे. पुढे मार्च २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ८७ हजार सूचना व हरकती दाखल झाल्या. २०१५ मध्ये राज्य शासनाने हा आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन शासननियुक्त समितीकडे सोपवला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी दिली. नागरिकांनी मोठ्या संख्येने बोलूनही अंतिम निर्णय मुंबईतच झाला, ही या अनुभवाची दुसरी बाजू. संख्येमुळे शासनाला दखल घ्यावी लागते. पण दखल घेतली जाणे आणि मागणी मान्य होणे यांत अंतर असते. ते अंतर चिकाटीनेच कापावे लागते.

येथे एक बाब आवर्जून सांगावीशी वाटते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार मसुदा आराखड्यावर हरकत घेण्यासाठी जागेचा मालक असण्याची अट नाही. कोणीही व्यक्ती ठरावीक मुदतीत लेखी सूचना देऊ शकते. दौंडमध्ये रेल्वे व राज्य राखीव पोलीस दलाच्या नोकरीनिमित्त आलेली अनेक कुटुंबे आहेत. शिरूरमध्ये रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीवर पोट असलेले भाडेकरू आहेत. ‘आपण बाहेरचे, आपल्याला कोण विचारतो?’ असे म्हणून ही माणसे गप्प बसतात. वास्तविक कुरकुंभ मोरीतील वाहतुकीच्या कोंडीचा त्रास घरमालकाला जितका, तितकाच भाडेकरूलाही होतो.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण या बाबतीत निःसंदिग्ध आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात असे तत्त्व मांडले, की जे कार्य लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात, एखाद्या प्रकल्पाचा विचार होत असताना स्थानिक रहिवाशांना चर्चेत विशेष स्थान असावे, असा आग्रह धरला. वसईच्या भाविकांनी ही शिकवण प्रत्यक्षात उतरवलेली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीची चळवळ भूमी, पाणी आणि झाडे यांच्यासाठी होती. म्हणूनच ती एका धर्माच्या लोकांची न राहता सर्व वसईकरांची झाली.

आपल्याकडे मात्र दफनभूमीचा किंवा चर्चच्या आवाराचा प्रश्न आला, तरच आपण एकत्र येतो. शेजाऱ्याच्या गटाराचा प्रश्न आपला वाटत नाही. अल्पसंख्य समाजाने असे अंग चोरून राहणे समजण्यासारखे असले, तरी ते हिताचे नाही. जो वर्षभर सर्वांसाठी उभा राहतो, त्याच्या अडचणीच्या वेळी इतरही उभे राहतात.

आरंभ लहान असावा. लघु ख्रिस्ती समूहाच्या एखाद्या बैठकीत गल्लीतील तीन प्रश्न लिहून काढावेत व ते घेऊन शेजारच्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध कुटुंबांकडे जावे. त्यांचे प्रश्नही यादीत घ्यावेत. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. म्हणून अर्थसंकल्पासाठीच्या सूचना डिसेंबर-जानेवारीतच, लेखी स्वरूपात आणि पोच घेऊन द्याव्यात. काम मंजूर झाले का, पैसा कोठे गेला, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून विचारता येते. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. बैठकीला स्त्रियांना बोलवावे, कारण पाण्याची वेळ त्यांना ठाऊक असते. कोणत्याही पक्षाचा झेंडा या कामावर चढू देऊ नये.

यरुशलेमची तटबंदी पुन्हा उभारली गेली, तेव्हा सोनार, अत्तरे बनवणारे, याजक आणि एका अधिकाऱ्याच्या मुलीदेखील कामाला लागल्या होत्या, अशी नोंद नहेम्याच्या पुस्तकात आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. शिरूर आणि दौंडच्या नव्या नगरपरिषदांना पाच वर्षे मिळाली आहेत. तेवढीच पाच वर्षे आपल्यालाही मिळाली आहेत.