पश्चिमेची भिंत

बँकेत असताना गृहकर्जाचे शेकडो अर्ज मी तपासले. सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा, पगाराचा दाखला सगळे पाहिले. पश्चिमेला काय आहे, हे मात्र एकालाही विचारले नाही.

मे महिन्यात नागपूरला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहिलो. दिवाणखान्याला पश्चिमेकडून छतापर्यंत काच, वर छज्जा नाही. दुपारी चार वाजता पडदे ओढून, एसी सुरू करून, वर दिवे लावून आम्ही बसलो! केंद्राच्या २०१८च्या इको निवास संहितेत उष्ण प्रदेशातील घरांच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे सरासरी १५ वॉटची मर्यादा आहे. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत जलतरण तलाव होता, ही ओळ नव्हती.

सूनबाई म्हणाली, ‘‘बाबा, हप्ते वीस वर्षांनी संपतील. विजेचं बिल?’’

काच तापल्यावर आतला पडदा काय कामाचा? ऊन बाहेरच अडवायला हवे. बांबूचे पडदे आणले आहेत. सोसायटीची परवानगी अजून यायची आहे.