टॅब आला, पण कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, शाळेत टॅब आला की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, फोटो निघतो. पुढे त्या टॅबचं काय होतं, हे मात्र आपण आयांनी विचारायला हवं.

२०२० साली लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यास मोबाईलवर आला. आमच्या सोयगावसारख्या कापसाच्या मुलखात घरात फोन बहुधा एकच. तो वडिलांच्या खिशात, म्हणजे दिवसभर रानात नाहीतर बाजारात. संध्याकाळी घरी आला की आधी भावाच्या हातात. आणि ताई? ती भाकरीच्या परातीपाशी!

हे काही एका गावाचं रडगाणं नाही. ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात खेड्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी आहे. वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा स्मार्टफोन असलेल्या मुलांचं प्रमाण मुलींच्या दुपटीहून जास्त निघालं. म्हणूनच मला शाळेतला टॅब मोलाचा वाटतो. घरच्या फोनवर हक्क कुणाचा, हे घर ठरवतं. शाळेतल्या टॅबवर पटावरच्या प्रत्येक नावाचा हक्क सारखाच.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात ना? जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळवला. आता बालभारतीच्या पुस्तकांतही असे चौकोन असतात. टॅबने चौकोन टिपला की धड्याचा व्हिडिओ समोर. ‘दीक्षा’ अॅपवरचे बरेच धडे आधी उतरवून ठेवता येतात, मग नेट नसलं तरी अडत नाही. चार-पाच मुलांत एक टॅब असला तरी भागतं.

अर्थात टॅब म्हणजे बाई किंवा गुरुजी नव्हेत. तंत्रज्ञान शिक्षकाच्या मदतीला हवं, जागेवर नको, हे युनेस्कोनेही २०२३ च्या अहवालात बजावलंय. गिरवणं, पाढे म्हणणं, मोठ्याने वाचणं याला पर्याय नाहीच.

मग आपण काय करायचं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांना आणि निम्म्या जागा बायकांना दिल्यात. आपण मात्र रजिस्टरवर सही करतो, चहा घेतो आणि परततो! पुढच्या बैठकीत तीनच गोष्टी विचारा. टॅब आठवड्यातून किती वेळा कपाटाबाहेर येतो? बिघडला तर दुरुस्त कोण करतं? आणि गटात मुली बोट फिरवतात, की मागे उभ्या राहून नुसत्या बघतात?

शिवाय एक प्रश्न घरीही विचारा. लेक दप्तर ठेवते न ठेवते तोच म्हणा, “काय गं, आज टॅब तुझ्या हातात आला का?” चार दिवस ‘नाही’ असंच उत्तर आलं, तर पाचव्या दिवशी पदर खोचा आणि शाळा गाठा.