गप्पा मारायला गेलो, गप्प बसून आलो!

'काय मग, वीकेंडचा प्लॅन काय?' शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी हा प्रश्न हमखास येतो. आपलं उत्तरही ठरलेलं असतं. झोप काढणार, मशीनला कपडे लावणार आणि अगदीच बोअर झालं तर मॉलमध्ये एक चक्कर! आमच्याकडेही वेगळं काही चाललं नव्हतं. नवऱ्याची शिफ्ट अमेरिकेतल्या क्लायंटच्या घड्याळावर, दुपारी दोन ते रात्री अकरा. माझं फ्रीलान्सिंग, म्हणजे सकाळी कुणाची तरी मुलाखत आणि संध्याकाळी डेडलाइन. एकाच वन बीएचकेमध्ये राहून आमचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालला होता. 'दूध संपलंय.' 'सोसायटीचा मेंटेनन्स भरलास का?' 'उद्या लवकर निघतेय, उठवू नकोस.'

पण एक विषय असा होता, जो चिठ्ठीत मावत नव्हता. नवऱ्याला कंपनीने बेंगळुरूची ऑफर दिली होती. पगार चांगला, पोस्ट त्याहून चांगली. आणि मी? मी मराठीत लिहिणारी बाई. माझी माणसं, माझे कार्यक्रम, माझे संपादक सगळे दादर ते डोंबिवली पट्ट्यात. विषय दोनदा निघाला आणि दोन्हीदा पाचव्या मिनिटाला भांडण झालं. तिसऱ्यांदा कुणी काढलाच नाही.

मग एका रात्री साडेअकराला वरणभात खाता खाता तो म्हणाला, 'पुण्याला जाऊ या का? सवाईला?' मी लगेच तहाच्या अटी घातल्या. सकाळ माझी, तुळशीबागेत. संध्याकाळ त्याची, मांडवात. आणि या सगळ्यात निवांत गप्पा मारायच्या. दोघांच्याही मनात कुठल्या 'गप्पा' होत्या, ते न सांगता दोघांनाही कळलं होतं.

डिसेंबर २०२४ मधला तो शनिवार. ठाण्याहून सकाळची गाडी पकडली, पुणे स्टेशनजवळच्या लॉजवर सॅक टाकली आणि मेट्रोत बसलो. सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की तिसऱ्या मिनिटाला जमिनीखालून थेट मंडई! हा टप्पा त्याच वर्षी सप्टेंबरात सुरू झाला होता. नवरा कॉलेजची चार वर्षं पुण्यात काढलेला, त्यामुळे तो प्रत्येक स्टेशनवर 'आमच्या वेळी इथे...' असं म्हणत होता. वय वर्षं तीस आणि म्हणे आमच्या वेळी!

बाहेर आलं की समोर १८८६ ची दगडी मंडई, आणि तिथून चार पावलांवर माझा स्वर्ग. तुळशीबागेत तुम्ही काय घ्यायला गेलात याला काही अर्थ नसतो. तुम्ही जाता चाळीस रुपयांच्या कानातल्यांसाठी आणि बाहेर येता मोदकाचा साचा, दोन ओढण्या, पितळी भातुकली आणि रुखवताचं सामान घेऊन. मधोमध पेशव्यांच्या काळातलं राममंदिर आहे, हे खरेदीच्या नादात कित्येकांच्या लक्षातही येत नाही. मी मनसोक्त घासाघीस केली. मिसळ खाल्ली. नवरा पिशव्या सांभाळत होता, हसत होता. सगळं सॉलिड चाललं होतं.

आणि मला तवा दिसला.

बिडाचा तवा. काळाकुट्ट, जाडजूड, घावनांसाठी एकदम परफेक्ट. माझ्या आजीकडे अगदी असाच होता. दुकानदाराने तो एका हाताने उचलून दिला आणि माझे दोन्ही हात खाली गेले. मी म्हटलं, 'हा पाहिजेच!' आणि नवरा सहज, अगदी सहज बोलून गेला, 'अगं, एवढं ओझं बेंगळुरूला कोण नेणार?'

तुम्हीच सांगा, यानंतर काय होणार?

'म्हणजे तू ठरवलंयस?' मी भर गर्दीत विचारलं. 'तसं नाही गं...' 'तसंच आहे. ठरवून झालंय आणि मला तवा घेताना कळतंय!' दुकानदाराने समजूतदारपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. मी तवा घेतला. घासाघीस न करता घेतला, यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना करा. त्यापुढचा तासभर आम्ही एकमेकांशी फक्त रिक्षा, पाणी आणि सुटे पैसे या तीन विषयांवर बोललो.

खरेदी लॉजवर ठेवायला जायचं होतं, पण भांडणात वेळ गेला आणि आम्ही पिशव्यांसकट मुकुंदनगरात पोचलो. २०१८ पासून महोत्सव इथे, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. गेटवर सिक्युरिटीवाल्याने पिशवी तपासली. तवा बाहेर काढला. एकदा तव्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा नवऱ्याकडे. 'मॅडम, हे काय?' 'तवा.' 'आत कशाला?' मी म्हटलं, 'अजून ठरवलं नाहीये.' मागच्या रांगेत खसखस पिकली. नवराही हसला. मी मात्र हसले नाही, अजून राग गेला नव्हता.

आता थोडा इतिहास, कारण तो मलाही त्या संध्याकाळीच नीट कळला. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. किराणा घराण्याचे मोठे गायक, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हे त्यांचे शिष्य. १९५२ मध्ये गुरू गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू झाला. भीमसेनजींनी तो आयुष्यभर खांद्यावर वाहिला. २०११ मध्ये ते गेले आणि मग महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. गुरुशिष्य आता एकाच पाटीवर आहेत.

आम्ही भारतीय बैठकीचं तिकीट काढलं होतं. म्हणजे खाली सतरंजी, मांडी घालायची आणि पाय अवघडले की शेजाऱ्याला 'सॉरी' म्हणायचं. आमच्या दोघांच्या मध्ये तवा. शेजारी एक काकू, शाल, थर्मास आणि फोल्डिंगची पाठ असा पूर्ण सरंजाम घेऊन आलेल्या. त्याच आठवड्यात, १५ डिसेंबरला, उस्ताद झाकीर हुसेन गेले होते. आजूबाजूला जो तो त्यांच्या कुठल्या ना कुठल्या मैफलीची आठवण काढत होता.

तानपुरे जुळत होते तेव्हा मी नवऱ्याकडे वळले. म्हटलं, आता विषय संपवूनच टाकू. 'तू त्यांना हो म्हटलंयस का? खरं सांग.' तो काही बोलणार एवढ्यात काकूंनी मान वळवली. अस्सल पुणेरी शांतपणे म्हणाल्या, 'बाळा, भांडण चांगलं रंगलंय, पण स्टेजवरचं आधी ऐकू या का?'

झालं. आमची बोलतीच बंद!

पहिला अर्धा तास मी फक्त चिडून बसले होते. रागाच्या नादात रागच ऐकला नाही म्हणा ना. मग हळूहळू, करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे, मी ऐकायला लागले. मला शास्त्रीय संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण एक गोष्ट दिसली. गाणारा जेव्हा आलापात हरवलेला असतो, तेव्हा तबल्यावरचा माणूस नुसता ठेका धरून त्याच्याकडे बघत असतो. त्याला किती काय काय येत असेल! पण तो थांबतो. गाणाऱ्याची जागा त्याला करू देतो. मग गाणारा मान हलवतो, वाट मोकळी करून देतो आणि तबला चार आवर्तनं असा काही बरसतो की सगळा मांडव 'क्या बात है' म्हणून उठतो. आणि पुन्हा दोघंही समेवर, एकत्र. याला आपल्याकडे 'साथ' म्हणतात. लग्नातही हाच शब्द आपण किती सहज वापरतो!

मला आठवलं, गेल्या सहा महिन्यांत नवरा बोलायला लागला की मी त्याचं वाक्य संपायच्या आधीच उत्तर तयार ठेवत होते. त्याच्या आलापावर माझी तिहाई!

मध्यंतरात काकूंनी थर्मासमधला चहा आम्हाला दिला आणि जुने दिवस सांगितले. रमणबागेच्या मैदानात रात्रभर मैफल चालायची. लोक पांघरुणं घेऊन यायचे, पहाटेच्या थंडीत ललित, भैरव ऐकूनच घरी जायचे. आता ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते, महोत्सवातला शनिवार त्यातला एक. 'त्यामुळे संध्याकाळचे मारवा, पूरिया ऐकायला मिळतात,' काकू म्हणाल्या, 'पण पहाटेचे राग आता पहाटे कोण ऐकवणार?' नियम बरोबर आहे, शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजारी माणसाला झोप हवीच. पण काकूंचंही काहीतरी हरवलंय, हेही खरंच.

बाराला बाहेर पडलो. कडाक्याची थंडी. रिक्षा मिळेना म्हणून स्वारगेटच्या दिशेने चालत निघालो. तवा आता नवऱ्याच्या खांद्यावर. बराच वेळ दोघंही गप्प होतो, पण दुपारचा अबोला वेगळा आणि हे गप्प असणं वेगळं. मग त्यानेच सुरुवात केली.

'कॉलेजात असताना तिकिटाचे पैसे नसायचे. रमणबागेच्या बाहेर रस्त्यावर उभा राहून ऐकायचो. आतल्या लोकांचा जाम हेवा वाटायचा. वाटायचं, एकदा नोकरी लागू दे, बायकोला घेऊन आत बसेन. आठ वर्षं झाली नोकरीला. आज आलो.'

मी काहीच बोलले नाही. नुसता ठेका धरून चालत राहिले.

'मी हो म्हटलेलं नाही,' तो पुढे म्हणाला. 'नाहीपण म्हटलेलं नाही. तुला विचारलं तर तू नाही म्हणशील, याची भीती वाटत होती. आणि हो म्हणालीस तर जास्तच भीती. तुझं काम सोडून तू माझ्यामागे आलीस, तर ते ओझं मला तव्यापेक्षा जड होणार.'

मग माझी पाळी. मी त्याला सांगितलं की मला बेंगळुरूची भीती नाही. अनोळखी शहरात 'तू काय करतेस' या प्रश्नाला उत्तर नसण्याची भीती आहे. हे वाक्य माझं मलाही त्या रात्री पहिल्यांदा सापडलं. तो मध्ये एकदाही बोलला नाही. स्वारगेट कधी आलं, कळलं नाही.

रविवारी जुन्या बाजारात फिरलो. बुधवार आणि रविवार भरणाऱ्या या बाजारात जुनी घड्याळं, कॅमेरे, नाणी, नळाच्या तोट्या असं वाट्टेल ते मिळतं. नवऱ्याने बंद पडलेला एक ट्रान्झिस्टर घेतला. 'चालत नाही, मग कशाला?' असं मी विचारलं नाही. प्रगती आहे की नाही? बाकरवडी घेतली आणि संध्याकाळची गाडी पकडली.

तुम्हाला जायचं असेल तर चार फंडे सांगून ठेवते. बैठकीचं तिकीट खुर्चीपेक्षा खिशाला बरंच परवडतं, पण बसायला उशी आणि अंगावर शाल हवीच. मोबाइल सायलेंटवर, नाहीतर काकू आहेतच. खरेदी आधी लॉजवर ठेवा. आणि तुळशीबागेत बिडाचा तवा घेण्याआधी घरातले मोठे निर्णय घेऊन टाका!

आमच्या निर्णयाचं काय झालं? सोमवारी नवऱ्याने पंधरा दिवस मागून घेतले. मग कंपनीशी बोलून महिन्यातले दहा दिवस बेंगळुरू आणि बाकीचे इथून, असं ठरवलं. पगार ऑफरपेक्षा थोडा कमी मिळाला. ते दहा दिवस घर खायला उठतं, हे कबूल करते. पण तो परत येतो तेव्हा मी घावनं करते, आणि फ्रिजवरच्या चिठ्ठ्या बंद झाल्यात.

एक गोष्ट मात्र राहून गेली. रविवारी महोत्सव संपतो तो सवाई गंधर्वांच्याच आवाजातल्या भैरवीच्या जुन्या रेकॉर्डने. काकू म्हणाल्या होत्या, तेव्हा अख्ख्या मांडवात कुणी कुणाशी बोलत नाही. आम्ही त्या वेळी परतीच्या गाडीत होतो. पुढच्या डिसेंबरात रविवारचं तिकीट काढायचं ठरलंय. सोमवारी सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने परत, ऑफिसला लेटमार्क लागला तर लागला.

तवा मात्र घरीच ठेवणार आहोत.