आवाजाचा आधार

व्यापारी घरात वडीलधाऱ्यांच्या आठवणी पेढीच्या वहीइतक्याच मोलाच्या असतात. गाव केव्हा सोडले, पहिले दुकान कोणाच्या भरवशावर थाटले, मंदीत कोणी हात दिला, हे जमाखर्चात लिहिलेले नसते. म्हणून घाटकोपर-मुलुंडच्या घरांत आता आजी-आजोबांचे बोलणे मुद्रित करून ठेवण्याची इच्छा दिसते. मात्र अशा मुद्रणात चित्र बहुधा उत्तम येते आणि आवाज पंख्याच्या घरघरीत बुडतो.

याचे कारण सरळ आहे. माइक कॅमेऱ्यावर, म्हणजे बोलणाऱ्यापासून दूर असतो. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. खोलीतील गोंगाट मात्र जवळपास तेवढाच राहतो. चित्रपटसृष्टीने यावर लांब दांडीचा, म्हणजे बूम पोलचा उपाय योजला. हिंदी चित्रपटांत अनेक दशके संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याची रीत होती. २००१ च्या ‘लगान’मध्ये ते कच्छमधील चित्रीकरणस्थळीच मुद्रित झाले, नकुल कामटे यांचे ते काम होते.

चित्रीकरणात बूम पोल धरायला प्रशिक्षित माणूस असतो. घरात तासभर हात वर धरून कोण उभे राहणार? तेथे स्टँड आणि त्यावर पोल पेलणारा होल्डर लागतो. वस्तू लहान असली तरी तिची निवड विचारपूर्वक करावी, कारण तिच्या भरवशावर धातूची दांडी वृद्ध माणसाच्या डोक्याजवळ अधांतरी राहणार असते.

होल्डरचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला केवळ वरून उघडा असलेला दुबेळका. त्यात पोल नुसता टेकतो. पुढचा भाग जड असल्याने मागे वजन टांगावे लागते. दुसऱ्यात पुढे दुबेळके आणि मागे आकडा असतो. पुढचा भाग पोल पेलतो, मागचा आकडा शेपूट दाबून धरतो. यात पोल आपोआप उलटत नाही आणि चटकन काढताही येतो. मात्र झुकण्याचा सारा ताण स्टँडच्या सांध्यावर येतो, म्हणून तेथील स्क्रू भक्कम हवा.

वजनाचा हिशेब व्याजासारखाच काटेकोर आहे. समजा, माइक आणि त्याची जोडणी मिळून ४०० ग्रॅम आहे व ती आधारापासून २ मीटर पुढे आहे. मागे ५० सेंटीमीटरवर तोल साधायचा, तर अंतर चौपट कमी असल्याने वजन चौपट, म्हणजे १.६ किलो लागेल. पोलचे स्वतःचे वजन धरले तर त्याहूनही थोडे अधिक.

खरेदीपूर्वी पोलच्या सर्वांत जाड नळीचा व्यास मोजावा. होल्डरच्या आत रबर किंवा तत्सम मऊ अस्तर असावे. धातूवर धातू घासला की त्याचा आवाज माइकपर्यंत पोहोचतो. कार्बन फायबरचा पोल शिकंज्यात जोराने आवळू नये, नळीला तडा जातो. दिव्यांच्या स्टँडचा माथा सामान्यतः १६ मिलिमीटरचा असतो, तर माइक-स्टँडला आटे असतात; त्यामुळे होल्डर आपल्या स्टँडवर बसतो की नाही, हे दुकानातच पाहावे. होल्डर चांगला घेऊन स्टँड हलका घेणे म्हणजे मजबूत कुलूप लावून कडी कच्ची ठेवणे होय.

एकाच दिवसाचे काम असेल तर भाड्याने घेणे शहाणपणाचे. अंधेरी परिसरात चित्रीकरणाची सामग्री भाड्याने मिळते. स्टँडच्या तीन पायांपैकी एक पाय माइकच्या दिशेला ठेवावा, पायांवर वाळूची पिशवी ठेवावी व वायर चालण्याच्या वाटेत नसावी. माइक बोलणाऱ्याच्या थोडा पुढे आणि वर, चौकटीच्या किंचित बाहेर, छातीकडे रोखलेला असावा. वृद्ध व्यक्तीला आणण्यापूर्वी रिकाम्या खुर्चीवर सारी मांडणी करून स्टँड हलकेच ढकलून पाहावा. तो डगमगला तर मुद्रण उद्यावर टाकावे. एक दिवस उशीर झालेला परवडतो; डोक्यावर पडलेली दांडी परवडत नाही.